प्रभूचा वार आणि गड्याची विश्रांती



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही विषय निवडला आहे तो नित्याचाच : रविवार.

प्रभू ज्या दिवशी पुनरुत्थित झाला, त्या दिवशी एकत्र जमून भाकर मोडणे हा आद्य ख्रिस्ती जनांचा प्राण होता. इ. स. 304 मध्ये आफ्रिकेतील अबितिना नगरीच्या भक्तांनी याच उपासनेपायी बंधने सोसली. पुढे 321 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी विश्रांतीचे फर्मान काढले. परंतु शेतकऱ्यास त्यातून वगळले. देवाच्या आज्ञेत अशी सवलत नाही. नांगरणीच्या व कापणीच्या दिवसांतही विसावा घ्यावा, असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे. आणि तो विसावा एकट्या धन्याचा नव्हे, तर दासदासींचा, परक्याचा, बैलाचा व गाढवाचाही आहे.

येथेच आमचे मन आम्हांस टोचते. एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही कासुर्डीच्या शिवारात बांधावर गेलो, तो मजूर उसात वाकलेले. त्यांना कामावर बोलावणारे आम्हीच होतो! आमची उपासना झाली होती. पण त्यांचा रविवार आम्ही हिरावून घेतला होता.

पाण्याची पाळी त्या दिवशी आली, तर पाणी धरावेच लागते. गुरांस वैरण घालावीच लागते. अशा गरजेस ख्रिस्तसभा आड येत नाही. परंतु गरज कोणती आणि लोभ कोणता, हे ज्याचे त्याने वेदीपुढे ठरवावे.

मुंबईच्या गिरणी कामगारांस साप्ताहिक सुटी मिळाली ती 10 जून 1890 रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीचे एक कारण होते. जेजुरी आपल्यापासून दूर नाही. शेजाऱ्यासही हा वार प्रिय आहे, हे आपण जाणतोच. पुढल्याच वर्षी, 1891 मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रकात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीचा कैवार घेतला.

ज्याचे पोट रोजावर आहे, त्यास सुटी घेणे परवडत नाही. ती देणे मालकाच्याच हाती असते. यास्तव या महोत्सवी वर्षी आपण एवढाच निश्चय करू या : रविवारी मंदिराची वाट धरण्यापूर्वी गड्यास घरी राहू द्यावे, बैलाच्या मानेवरचे जू उतरवावे, आणि आठवड्याची मजुरी शनिवारीच चुकती करावी. मग आपली प्रार्थना प्रभूस गोड लागेल.