तार वर, घुमतो भोपळा



 आमचं मिरज गाव दवाखान्यांचं आणि तंबोऱ्यांचं. तंबोऱ्यात बोट लागतं तारेला, घुमतो मात्र खालचा भोपळा. मोठ्या जळिताचंही तसंच असतं, हे उमगायला माझी निम्मी नोकरी गेली.

आम्ही डॉक्टर कातडीच बघत राहिलो. किती टक्के भाजलंय, सलाईन किती, ड्रेसिंग कधी. आतडी हलत नाहीत म्हणून पेशंटला दोन-दोन दिवस तोंडाने काही देत नसू. खरं तर भाजलेल्यांच्या लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होतात, हे थॉमस कर्लिंग यांनी 1842 सालीच लिहून ठेवलं होतं. आम्हाला कर्लिंग फक्त तोंडी परीक्षेपुरते आठवायचे.

मोठं भाजलं की शरीर रक्त हृदय-मेंदूकडे वळवतं आणि आतडं उपाशी राहतं. पुढे रक्त परतलं की दुसरा मार बसतो. पेशींच्या एकपदरी अस्तराचे सांधे सैल होतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात आणि जंतूंसाठी काढलेली हत्यारं घरच्याच भिंतीवर चालवतात. शिकागोच्या लोयोला विद्यापीठात दारू देऊन मग भाजलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. त्यांच्या आतड्यातल्या टी-पेशी इंटरल्यूकिन-22 हा संदेश-रेणू कमी बनवू लागल्या, आणि अस्तराची डागडुजी तर बरीचशी त्याच्या भरवशावर चालते. दारू आणि जळीत ही जोडी आपल्या कॅज्युअल्टीला काही नवी नाही.

प्राण्यांमध्ये या सैल भिंतीतून जंतू आतड्यालगतच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेले दिसतात. माणसात हे कितपत घडतं, यावर जाणकारांचं एकमत नाही. या सभागृहात तर मुळीच नाही. काल रात्री चहाच्या टेबलावरच जुंपली होती. ती भांडणं आता मंचावर होऊ द्या, माइक चांगले आहेत.

एका गोष्टीवर मात्र फारसा वाद उरलेला नाही. पहिल्या बारा तासांतच नळीने थोडं थोडं अन्न सुरू करायचं. आमच्या काळी असं सुचवणाऱ्या सिस्टरला मी स्वतः गप्प बसवलं होतं. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

माझ्यासारख्या स्वागताध्यक्षाकडे खरं खातं असतं ते जेवणाचं. पंगत साडेबाराला बसेल, आणि या वेळी कुणालाही उपाशी ठेवणार नाही.