श्वासाची शिस्त

1935 साली म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव लाभले आणि पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. त्याच सुमारास त्याच नगरीत, जगन्मोहन राजवाड्यातील योगशाळेत, पंधरा-सोळा वर्षांचा एक कृश मुलगा योगाचे धडे गिरवीत होता.

महाराज नालवडी कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने 1933 मध्ये सुरू झालेल्या या शाळेचे आचार्य होते तिरुमलै कृष्णम्माचार्य, आणि तो मुलगा होता त्यांचा मेहुणा, बेळ्ळूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार. हिवताप, विषमज्वर आणि क्षय या तीन दुखण्यांनी त्याचे बालपण पोखरले होते. हाच मुलगा 1937 मध्ये योगशिक्षक म्हणून पुण्यास आला, पुणेकर झाला आणि 2014 मध्ये पंचाण्णव वर्षांचे कृतार्थ आयुष्य संपवून गेला.

ही हकीकत ऐकून कोणी म्हणेल, ‘पाहा, प्राणायामाने क्षयावर मात केली!’ परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. गुरूंनी त्याला आरंभी प्राणायाम शिकविलाच नाही. ही दुर्बळ छाती त्यास पात्र नाही, असे त्यांचे मत होते. आधी आसने, मग पुष्कळ काळाने प्राणायाम, असा तो क्रम झाला. श्वासाचे सामर्थ्य जाणणाऱ्याला त्याच्या मर्यादाही ठाऊक असतात, हेच यावरून दिसते.

त्यातले सामर्थ्य पाहू. नाक हा शरीराच्या दारावरचा पहारेकरी होय. नाकातून आत येणारी हवा उबदार व दमट होते. धूळ आणि जंतू तेथील चिकट स्रावात अडकतात, आणि सूक्ष्म केसल तो स्राव घशाकडे लोटतात. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. तो जंतूंना बाधक आहे आणि श्वासाबरोबर फुप्फुसांतही जातो. ज्याला सदैव तोंडाने श्वास घेण्याची सवय जडली, त्याने हा पहारेकरी रजेवर धाडला असेच म्हणावे लागेल.

दुसरी गोष्ट मनाची. सावकाश श्वासाने, विशेषतः दीर्घ उच्छ्वासाने, मेंदूपासून हृदय व पोटापर्यंत जाणारी प्राणेशा ही मज्जा अधिक कार्यरत होते, नाडी मंदावते आणि मन निवते. दीर्घकाळच्या चिंतेने रोगप्रतिकाराची घडी विसकटते, हे आता पुष्कळ अभ्यासांनी दाखविले आहे. म्हणून चिंता शमविणारी सवय प्रतिकारालाही उपकारक ठरावी, हे अनुमान रास्त आहे.

मात्र अनुमानाला सिद्धांत समजू नये. नेदरलंड्समधील नायमेखन येथे झालेला एक प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. जोरकस श्वसन, थंडी व ध्यान यांचे शिक्षण घेतलेल्या निरोगी तरुणांना जंतुजन्य विषाची सुई टोचण्यात आली. इतरांच्या मानाने त्यांच्या शरीरात दाह कमी झाला. पण दाह कमी होणे आणि जंतूंचा पराभव होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत! काही वेळा दाह हेच शरीराचे शस्त्र असते. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे ठोकळेबाज वाक्य येथे अपुरे पडते.

2020 च्या महामारीत ‘दहा सेकंद श्वास रोखता आला म्हणजे तुम्हांस रोग नाही’ असा एक निरोप घरोघर फिरला. तो साफ खोटा होता. ज्यांनी त्यावर विसंबून तपासणी टाळली असेल, त्यांनी स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही संकटात लोटले. हठयोगप्रदीपिकाकारांनी तर शतकांपूर्वीच बजावले आहे की, अयुक्त प्राणायामाने रोग जडतात आणि त्यांत दमा व खोकलाही येतात. वाघ-सिंह जसे हळूहळू माणसाळवावे, तसाच वायू वश करावा, असे ते सांगतात.

तेव्हा नाकाने श्वास घ्यावा. सकाळी थोडा वेळ स्वस्थ बसून, अट्टाहास न करता, तो संथ सोडावा. घराच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि चुलीचा धूर बाहेर जाऊ द्यावा. नाक सतत चोंदत असेल तर वैद्यास दाखवावे. लस टोचून घ्यावी, आणि क्षयाचे औषध एकही दिवस चुकवू नये. श्वास हा औषधाचा सोबती आहे. औषधाची जागा त्याला देऊ नये.

म्हैसूरच्या त्या आचार्यांनी छातीची ताकद पाहून शिष्याला थांबविले. आज श्वासाची महती सांगणारे पुष्कळ आहेत; तसे थांबविणारे मात्र थोडे आहेत.