दानाचें आवाहन आणि दुःखिताचा मान
(महोत्सवानिमित्त ईट येथें विद्यार्थ्यांच्या सेवामंडळापुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या शुभ प्रसंगीं विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याविषयीं चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली. ती मी आनंदानें शिरोधार्य मानतों.

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टि आपल्यापैकीं कोणीहि विसरलेला नाहीं. भूम व परांडा तालुक्यांत महापूर आले, उभीं पिकें वाहून गेलीं, गुरें दगावलीं, आणि पाण्यानें वेढलेल्या लोकांच्या सुटकेसाठीं हेलिकॉप्टर आणावें लागलें. त्या दिवसांत तरुणांनीं व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम यांवरून मदतीचीं आवाहनें केलीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपसमयीं असें आवाहन वर्तमानपत्रें व आकाशवाणी यांच्या द्वारें जाई. आतां तें प्रत्येकाच्या खिशांतून निघतें. साधन वाढलें, तशी जबाबदारीहि वाढली. माझें बोलणें त्या जबाबदारीपुरतेंच आहे.

भावनेस हांक घालणें हें पाप नव्हे. समुदायास पाहून प्रभु येशूचें अंतःकरण कळवळलें. तो कळवळा ख्रिस्ती परोपकाराचा उगम आहे. शिवाय आंकड्यापेक्षां चेहरा मनुष्यास लवकर द्रववितो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन व पॉल स्लोविक यांनीं २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत, आफ्रिकेंतील उपासमारीचे केवळ आंकडे वाचणाऱ्यांनीं आपल्या ५ डॉलरांपैकीं सरासरी १.१४ डॉलर दिले. रोकिया नांवाच्या एका मुलीची हकीकत वाचणाऱ्यांनीं २.३८ डॉलर दिले. हें ऐकून एखादें मंडळ म्हणेल, ‘मग रडणारें मूल शोधा आणि त्याचें चित्र काढा.’ धोका येथेंच सुरू होतो.

तें चित्र शहरांतील अनोळखी दात्यास एक दिवस द्रववितें. पण त्या मुलाच्या शाळासोबत्यांच्या फोनवर वर्षानुवर्षें राहतें. पूर ओसरतो, घर पुन्हां उभें राहतें, परंतु ‘याला आम्हीं दिलें’ हा शिक्का पुसला जात नाहीं. आपल्या गांवांत तर चेहरा दिसला कीं कूळ आणि वस्ती सारें कळलें. २०१५ चा बाल न्याय कायदा नैसर्गिक आपत्तींत सांपडलेल्या बालकासहि संरक्षणाची गरज असलेलें बालक मानतो. आणि चौकशीच्या वा न्यायालयीन कामाच्या वृत्तांतांत अशा बालकाची ओळख उघड करण्यास त्याचें ७४ वें कलम मनाई करतें. कायद्याची मर्यादा तेवढीच असली, तरी प्रीतीची मर्यादा त्याहून मोठी असावी.

दुसरी गोष्ट, भावनेचें आयुष्य अल्प असतें. २ सप्टेंबर २०१५ रोजीं तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर अलान कुर्दी या सीरियन बालकाचें शव आढळलें आणि त्या छायाचित्रानें जग हळहळलें. स्वीडनच्या रेडक्रॉसच्या निर्वासित-निधीस रोज येणाऱ्या देणग्यांची रक्कम पुढील आठवड्यांत ५५ पट झाली. सुमारें सहा आठवड्यांत ती ओसरली. मात्र ज्यांनीं दरमहा देण्याचें वचन दिलें, ते बहुतेक सारे पुढील जानेवारींतहि टिकून होते. अश्रु दार उघडतो. घर चालवितो तो नेम.

या नेमाचा कित्ता विद्यार्थ्यांनींच घालून दिला आहे. २३ एप्रिल १८३३ रोजीं पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम या २० वर्षांच्या विद्यार्थ्यानें मित्रांसह एक सेवामंडळ स्थापिलें. तेंच पुढें संत विन्सेंट दि पॉल यांच्या नांवानें जगभर पसरलें. भगिनी रोझाली रँड्यू यांनीं त्या मुलांस गरीब कुटुंबांची ओळख करून दिली. तीं मुलें त्या घरीं गेलीं, आणि पुन्हां पुन्हां गेलीं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २२ ऑगस्ट १९९७ रोजीं ओझानाम यांस ‘धन्य’ घोषित केलें.

तेव्हां आपल्या मंडळानें चार नियम पाळावे. पहिला, ज्याचें दुःख सांगावयाचें त्याची संमति आधीं घ्यावी. तो ‘नको’ म्हणाला, तरी मदत रतिभर कमी होऊं नये. दुसरा, मुलांचे चेहरे व नांवें देऊं नयेत. गाळानें बुजलेली विहीर, कुजलेलें सोयाबीन, भिजलेलीं पुस्तकें हींहि पुरेशीं बोलतात. तिसरा, किती घरें, किती चादरी, किती रुपये हवे तें स्पष्ट सांगावें, आणि जमाखर्च चर्चच्या दाराशीं लावून त्याच फोनवरहि प्रसिद्ध करावा. चवथा, तीन महिन्यांनीं, कॅमेरा न घेतां, त्याच घरीं पुन्हां जावें.

कोणी म्हणेल, अशानें निधि कमी जमेल. कदाचित् जमेल. पण ज्यास आपण बंधु म्हणतों, त्याची लाज विकून आणलेली भाकरी त्याच्या घशाखालीं कशी उतरेल?

दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांताचें स्मरण करा. घायाळ मनुष्याचें नांव प्रभूनें कोठेंच सांगितलें नाहीं. शोमरोन्यानें त्याच्या जखमा बांधल्या, त्यास उतारशाळेंत नेलें, खर्चाची व्यवस्था केली, आणि परत येण्याचें वचन दिलें. नांव झांकणें, हिशेब चुकता करणें आणि पुन्हां येणें, हे तिन्ही धडे तेथेंच आहेत. ते आपल्या तरुणांच्या अंगीं बाणोत, आणि त्यांच्या सेवाकार्यास प्रभु यश देवो, हीच प्रार्थना.