घरांतील पहिले धर्मशिक्षक



आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसाच्या वेचणीचे दिवस आले, कीं आईबाप पहाटेच शेतावर जातात आणि लेंकरें आजीआजोबांपाशीं राहतात. चिमण्या हाताला क्रुसाची खूण प्रथम आजीच शिकविते. संत पौलानें तीमथ्याच्या विश्वासाचा उगम त्याची आजी लोईस हिच्या ठायीं पाहिला, तो उगाच नव्हे. ज्या घरांतील कर्ता शेतकरी कर्जापायीं जिवास मुकला, तेथें तर म्हाताऱ्या हातांनींच पुन्हा चूल पेटविली आहे.

पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०२१ सालीं जुलैचा चौथा रविवार आजीआजोबा व वृद्धजन ह्यांस अर्पण केला. प्रभूचे आजीआजोबा संत योआकिम व संत आन्ना ह्यांचा सणही २६ जुलैस, त्याच सुमारास येतो. २००७ च्या कायद्यानें वृद्धांच्या निर्वाहाचें कर्तव्य सज्ञान नातवंडांवरही घातलें आहे. परंतु कायदा भाकर देववील. शेजारीं बसून बोलणारें माणूस देणार नाहीं.

म्हणून नागपूर-पुण्यास गेलेल्या मुलांनो, एवढेंच मागतों: घरीं या, आणि एक जपमाळ त्यांच्यासह म्हणा. ज्यांनीं आपणांस प्रार्थना शिकविली, त्यांना ती एकट्यानें म्हणावी लागूं नये.