हिमवादळाआधी गुरं आडोशाला
अमेरिकेतल्या नेब्रास्का, साउथ डाकोटा या राज्यांत मार्च-एप्रिल म्हणजे गायी विण्याचा हंगाम, आणि हिमवादळंही नेमकी तेव्हाच गाठतात. मार्च २०१९मध्ये तर नेब्रास्कात हिमवादळ आणि पूर एकत्रच आले. तिथे शेकडो गुरं उघड्या कुरणावर. सगळ्यांना पुरेल एवढा गोठा कुठून आणणार?

गायीच्या अंगावरची दाट हिवाळी लव कोरडी असेल, तर साधारण उणे ८ अंश सेल्सिअसपर्यंत ती निभावून नेते. तीच लव भिजली, की १५ अंशांतच थंडी बाधू लागते. म्हणजे बर्फापेक्षा त्याच्या आधी येणारा पाऊस मोठा वैरी. त्यातून वादळात गुरं वाऱ्याला पाठ करून चालत सुटतात आणि कुंपणाच्या कोपऱ्यात नाहीतर घळीत अडकतात.

म्हणून वादळ येण्याआधीच, न पळवता, त्यांना झाडांच्या किंवा फळ्यांच्या आडोशाला आणतात. फळ्यांमध्ये फटी मुद्दाम ठेवतात; सलग भिंतीमागे वारा घुमतो आणि बर्फ साचतो. वैरण, कोरडा पेंढा आधीच टाकलेला असतो. छपराखालची मोजकी जागा मात्र नवजात वासरांची. त्यांना पुसून कोरडं करायचं आणि पहिल्या काही तासांतच चीक पाजायचा.