छोट्या मोटारीतले तेल

रेडिओच्या इशाऱ्यावर धावणाऱ्या छोट्या मोटारीच्या धक्काशोषकात तेल असते, ते वंगण म्हणून नव्हे. दट्ट्याच्या छिद्रांतून कष्टाने वाट काढताना ते स्प्रिंगची उसळी उष्णतेत जिरवते. त्याचे सामर्थ्य दाटपणात आहे, आणि तो ऋतूबरोबर फारसा बदलता कामा नये. सिलिकोन तेल ही अट पुष्कळशी पाळते. ते जेथे मिळत नाही, तेथला मुलगा साहजिकच स्वयंपाकघराकडे वळतो. परंतु खोबरेल २४ अंश सेल्सियसच्या सुमारास थिजू लागते. दुपारी डौलाने झुलणारी मोटार थंडीच्या पहाटे ताठरते. गोडेतेल हवेच्या संपर्काने कालांतराने चिकट होते. शिवणयंत्राच्या खनिज तेलात सिलिकोन रबराच्या कड्या फुगतात. एका संध्याकाळच्या प्रयोगास गोडेतेल चालेल. मात्र नंतर ते पुसून काढावे. वंगण आणि अवरोध यांतला भेद त्या मुलास उमगला, तर ते तेल वाया गेले असे कोण म्हणेल?