पंप बंदूक घेण्यापूर्वी

बालाघाट जिल्ह्यात धान निसवण्याचे दिवस आले, की बैहर, परसवाडा, लांजी या बाजूंच्या कित्येक गावांतील शेतकरी रात्री घरी निजत नाहीत. धुऱ्यावर माळा घालून, डबे बडवीत आणि टेंभे पेटवीत ते पहाट करतात. रानडुकरांचा एकच कळप एका रात्रीत बांध्याच्या बांध्या लोळवून जातो; आणि चिन्नोरसारखे सुवासिक, मोलाचे धान ज्याच्या शेतात उभे आहे, त्याचा त्या रात्रीत वर्षाचा हिशेब चुकतो. अशा जागरणांतूनच बंदूक घेण्याचा विचार मनात येतो. पूर्वी हा विचार एकनळी किंवा दुनळी यांपाशी थांबत असे. आता दुकानात गेलेल्या माणसापुढे तिसरी वस्तू ठेवली जाते, ती म्हणजे पंप बंदूक. ती दिसायला तडफदार, एकामागून एक चारपाच बार काढणारी आणि चांगल्या दुनळीच्या मानाने बेताच्या किमतीची असते. ती घ्यावी काय, आणि घ्यायची झाल्यास काय पाहून घ्यावी, हा या भाषणाचा विषय आहे.

आधी परवान्याचा प्रश्न उरकणे बरे, कारण पुष्कळ लोक बंदूक पसंत करून इसार देतात आणि मग कायद्याची चौकशी करतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. परंतु तिची नळी २० इंचांहून आखूड नसावी, अशी अट तेथे आहे. पिकांच्या राखणीसाठी कायद्याने मुळात ठासणीची बंदूक डोळ्यांपुढे ठेवली आहे. ती पुरेशी पडणार नाही, अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे पंप बंदूक हवी असेल तर ठासणीची का पुरत नाही, हे अर्जात नीट मांडले पाहिजे. शिवाय पंप बंदुका आखूड नळीच्याही बनतात. तेव्हा विक्रेत्याच्या शब्दावर न जाता टेप लावून नळी मोजून पाहावी. लांब नळी घेऊन पुढे ती कापण्याचा सल्ला कोणी दिल्यास त्याच्या दुकानात पुन्हा जाऊ नये; परवानगीवाचून नळी आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

बालाघाटकरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. कान्हाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले आणि त्याचा बराच भाग याच जिल्ह्यात, मुक्कीच्या बाजूस पसरला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे चौतिसावे कलम असे सांगते, की अभयारण्याच्या सीमेपासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती पाहिजे. राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू होते. या पट्ट्यातील अर्जदाराचा कागद तहसील आणि पोलीस ठाणे यांच्याखेरीज वनखात्याकडेही फिरतो. त्यासाठी वेळ लागतो, आणि तो धरूनच बेत करावा. पीक उभे राहिल्यावर केलेला अर्ज त्या पिकाच्या उपयोगी पडत नाही.

परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा मिळाली, असे मात्र मुळीच नव्हे. एके काळी सातपुड्याचे हे रान शिकाऱ्यांचे नंदनवन होते. कॅप्टन फोर्सिथने १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या डोंगरांतील शिकारीची वर्णने केली आहेत. ते युग संपून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. आज रानडुकराने पिकाची नासाडी चालवली असली, तरी त्याला मारण्यासाठी त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी असावी लागते. अंधारात डुक्कर समजून सोडलेला बार चितळाला लागला, किंवा त्याहून भयंकर म्हणजे शेजारच्या बांधीत जागल करणाऱ्या माणसाला लागला, तर धान वाचवण्यासाठी घेतलेली बंदूक घर बुडवून जाते. हे भय पंप बंदुकीत कमी नसून अधिक आहे, आणि ते का, हे तिची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येते.

पंप बंदुकीला नळी एकच असते. तिच्याखाली समांतर दुसरी बारीक पोकळ नळी बसवलेली असते व तीत एकापुढे एक अशी काडतुसे स्प्रिंगेच्या जोरावर दाबून ठेवलेली असतात. डाव्या हाताची मूठ या खालच्या नळीवर मागेपुढे सरकते. मूठ मागे ओढली, की झालेल्या बाराचे रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि आतला घोडा चढतो. खालून एक नवे काडतूस उचलले जाते. मूठ पुढे लोटली, की ते काडतूस घरात बसून कुलूप लागते. सारे काम माणसाच्या हातच्या जोराने होते, आणि याच गोष्टीत तिच्या भरवशाचे रहस्य आहे. आपोआप भरणाऱ्या बंदुकीला पुढचे काडतूस घेण्यासाठी आधीच्या बाराचा जोर लागतो. काडतूस मंद निघाले तर ती अडते. पंप बंदुकीला त्याची पर्वा नसते. काडतूस पेटलेच नाही, तरी जरा वेळ नळी निर्धोक दिशेला धरून नंतर मूठ ओढली, की ते बाहेर पडते व दुसरे आत जाते. पावसाळी, दमट मुलखात हा गुण लहान नव्हे.

स्वस्ताईचे कारण इतिहासात सापडते. अमेरिकेत १८९७ साली विंचेस्टर कंपनीने जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावर काढलेली पंप बंदूक फार गाजली, आणि १९१२ सालचा तिचा पुढचा नमुना तर कारागिरीचा आदर्श मानला गेला. परंतु त्याचे भाग पोलादाच्या ठोकळ्यांतून कोरून काढावे लागत, मजुरी वाढत गेली आणि १९६४ च्या सुमारास तो नमुना नेहमीच्या विक्रीतून मागे पडला. त्याआधीच, १९५० साली, रेमिंग्टन कंपनीने ८७० क्रमांकाची बंदूक बाजारात आणली. तिचे कित्येक बारीक भाग पत्रा ठोकून तयार केलेले, दिसायला साधे. पण नळीचे कुलूप आणि यंत्रपेटी भक्कम पोलादाची. जेथे जोर येतो तेथे खर्च करावा व जेथे येत नाही तेथे वाचवावा, ही त्यामागची बुद्धी. त्या एका नमुन्याच्या एक कोटीहून अधिक बंदुका झाल्या. स्वस्त पंप बंदूक पारखताना याच कसोटीने पाहावे. चापाभोवतीची कडी हलक्या धातूची असली तर बिघडत नाही. कुलपाचा दांडा आणि काडतूस ओढणारी नखी मात्र हलकी असता कामा नये.

भारतातील सामान्य गिऱ्हाइकाला या विलायती बंदुका नव्या मिळणे दुरापास्तच आहे. १९८० च्या दशकापासून खाजगी व्यक्तींसाठी शस्त्रांच्या आयातीवर कडक निर्बंध आले, त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या जुन्या विलायती बंदुकांना अवाच्या सवा भाव चढला. देशातील आयुध कारखान्यांनी १२ बोरची पंप बंदूक परवानाधारकांसाठी काढली, तेव्हा म्हणूनच तिचे स्वागत झाले. २०२१ च्या ऑक्टोबरात या कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. लहान हत्यारांचे काम कानपूरच्या कंपनीकडे आणि काडतुसांचे काम पुणे येथे मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेथली 'शक्तिमान' काडतुसे दोन पिढ्यांच्या ओळखीची आहेत. देशी बंदुकीवर विलायती सफाई नसते. लाकूड खरखरीत, मूठ सुरुवातीला जड चालणारी, असे प्रकार आढळतात. पण तिचे सुटे भाग व दुरुस्ती देशातच होऊ शकते, आणि दूरच्या तालुक्यातील मालकाच्या दृष्टीने सफाईपेक्षा याचे मोल अधिक आहे.

आता दुकानात काय पाहावे. बंदूक हातात घेताच प्रथम मूठ मागे ओढून घर आणि खालची नळी दोन्ही रिकामी आहेत, हे डोळ्यांनी व बोटाने तपासावे. विक्रेत्याने नुकतेच तपासले असले तरीही. मग खोटी काडतुसे मागावीत. दारू नसलेली अशी पाच काडतुसे भरून ती आधी अगदी सावकाश, नंतर झपाट्याने, आणि शेवटी नळी आकाशाकडे व जमिनीकडे धरून खेळवावीत. काडतूस तिरपे अडकले, किंवा एकाऐवजी दोन उचलली गेली, तर ती बंदूक परत ठेवावी. 'वापराने सैल होईल' हे वाक्य अशा वेळी ऐकून घेऊ नये. मुठीला यंत्राशी जोडणाऱ्या पट्ट्या एक आहेत की दोन, तेही पाहावे. एका पट्टीवर मूठ तिरकी ओढली जाऊन अडू शकते. दोन असल्या तर ती सरळ चालते. नळीत उजेडाकडे पाहिले असता आत दिसणारी वलये एकसारखी असावीत. वलय कोठे मोडलेले दिसले तर तेथे नळीला पोचा आहे. खटका लावून चाप दाबून पाहावा, आणि दस्ता खांद्याला लावून डोळा आपोआप नेमाच्या मण्यावर येतो की मान वाकवावी लागते, ते पाहावे. विलायती दस्ते उंच अंगाच्या माणसांसाठी केलेले असतात. आखूड हाताच्या माणसाला ते बाहीत अडकतात.

जुनी बंदूक घेणाऱ्यासाठी एक विशेष इशारा आहे. १८९७ आणि १९१२ सालच्या त्या प्रसिद्ध नमुन्यांत चाप दाबून धरून मूठ पुढे लोटली असता कुलूप लागताक्षणीच बार उडतो. पुढच्या काळातील बंदुकांत चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. घाबरलेल्या माणसाचे बोट चापावर आवळलेलेच राहते, हे लक्षात घेता असली पुरातन बंदूक संग्राहकाच्या भिंतीवरच शोभते, मग तिचा भाव कितीही उतरो.

काडतुसांच्या बाबतीत होणारी चूक सर्वांत महाग पडते. १२ बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असता एका गोळीचा जो व्यास येईल तो, सुमारे १८.५ मिलिमीटर. पण बोर जुळला म्हणजे काडतूस जुळले, असे नाही. नळीच्या घराची लांबी ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर असते व ती नळीवर कोरलेली असते. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर तोंड उघडलेल्या टरफलाची असते. त्यामुळे ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ च्या घरात बिनबोभाट बसते. बार होताना मात्र त्याचे तोंड पुरते उघडायला जागा मिळत नाही आणि आतील दाब धोक्याच्या बाहेर चढतो. दुसरा धोका २० बोरच्या काडतुसाचा. ते १२ बोरच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकते. वरून घर रिकामे भासते. माणूस मागे १२ चे काडतूस घालतो आणि चाप ओढतो. नळी त्याच्या डाव्या हातापाशी फुटते. परदेशी कारखाने २० बोरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी. घरात दोन्ही बोरांच्या बंदुका असतील तर काडतुसांचे डबे वेगळ्या कपाटांत असावेत.

एवढे पाहिल्यावर दुनळीशी तुलना करणे उचित होईल. दुनळी मोडली की दोन्ही घरे उघडी पडतात. ती भरलेली आहे की रिकामी, हे पोरालाही दिसते. पंप बंदुकीत घरातले काडतूस काढले तरी खालच्या नळीत चार दडून राहतात, आणि मूठ एकदा हलली की त्यांतले एक पुन्हा वर येते. आधी सांगितलेले अधिकचे भय ते हेच. रात्री माळ्यावरून उतरताना, झोपेच्या गुंगीत, बंदूक रिकामी केली असे समजणारा माणूस येथेच फसतो. दुसरे असे, की घाईत मूठ अर्धीच ओढली गेली तर टरफल अडकते किंवा रिकाम्या घरावर घोडा पडतो. डुक्कर अंगावर येत असता ही चूक सुधारायला अवसर नसतो. दुनळीत दुसरा बार दुसऱ्या चापावर तयारच असतो. म्हणून वर्षातून दोनदा बंदूक हातात धरणाऱ्याने सुस्थितीतील दुनळी किंवा साधी एकनळी घ्यावी, हेच हिताचे. पंप बंदूक त्याच्यासाठी, जो खोट्या काडतुसांवर महिनाभर रोज हात बसवील आणि अधिकृत मैदानावर नेऊन तिची पारख करील. चाळीस यार्डांवर मोठा कागद लावून बार टाकावा व तीस इंचांच्या वर्तुळात छर्रे कसे पडतात ते मोजावे. मधे मोठी खिंडारे दिसली तर त्या बंदुकीचा चोक आणि ते काडतूस यांचे जमत नाही, एवढेच समजून दुसरे काडतूस लावून पाहावे. परवाना नियमांनुसार शस्त्रसुरक्षेचे शिक्षणही अर्जदाराला घ्यावे लागते; ते केवळ प्रमाणपत्रापुरते उरकू नये.

लग्नाच्या वरातीत बार काढण्याची हौस या भागात जुनी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, इतरांच्या जिवाला धोका होईल असा बेदरकार हर्षबार हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला आहे. तसेच निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याचा हुकूम निघू शकतो. तो धानाच्या ऐन हंगामात आला तर पुन्हा डबे आणि टेंभेच हाती येतात, हेही धरून चालावे.

पावसाळ्यात पंप बंदुकीची निगा दुनळीहून अधिक राखावी लागते. माळ्यावर रात्र काढून आलेली बंदूक खोळीत घालून ठेवल्यास आठवड्यात गंजते. नळी उतरवून कोरड्या फडक्याने पुसावी, तेलाचा हात अगदी पातळ फिरवावा आणि खालच्या नळीची टोपी उघडून आतील स्प्रिंग पाहावी. तेल जादा झाले तर त्यावर भुसा व धूळ बसून मूठ जड चालते, आणि काडतुसाच्या टिकलीत ते उतरले तर काडतूस पेटत नाही. हंगाम संपला की खालची नळी रिकामी करून ठेवावी, बंदूक एका कुलपात व काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत, आणि दोन्ही किल्ल्या परवाना ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच कमरेला असाव्यात.